दोन्या

मंगळवार, ४ मार्च

बारक्या,

वर 'चिरंजीव' लिहिलं नाही, खाली आशीर्वाद लिहिणार नाही. धाकट्या भावाला लिहिताना ते लिहितात, हे मला कळतं. एकोणीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, ती काही माझ्याकडची शाई संपली म्हणून नव्हे.

तुझ्या सेक्रेटरीचं पत्र आलं. 'आदरणीय महोदया' अशी सुरुवात. मी तुझी सख्खी मोठी बहीण आहे हे तिला सांगितलंस की नाही? की 'त्या जुन्या फोटो स्टुडिओत एक म्हातारी राहते, तिच्याकडे माझा एक डबा राहिलाय' एवढंच? पत्रात लिहिलंय की तुझ्या तीस वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरतंय, पाच एप्रिलला उद्घाटन, आणि 'हाक' या गाजलेल्या छायाचित्राची मूळ निगेटिव्ह 'आपल्या ताब्यात असल्याचे समजते'. ताब्यात! मी काय पोलीस चौकी आहे? तुझ्याकडची कॉपी मोठी केली की फुटते म्हणे. दालनाच्या बाहेरच्या भिंतीवर तो फोटो तीन मजली लावायचाय, म्हणून मूळ पट्टी हवी.

देणार नाही.

एवढंच लिहून पाकीट बंद करता आलं असतं. पण इतकी वर्षं मूग गिळून बसले, आता ऐकून घे.

तीन मजली! अरे, आपली आई पाच फूटसुद्धा नव्हती. अर्धांगवायूनं उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली, केस पिंजारलेले, गाऊन खांद्यावरून घसरलेला, तोंड उघडं. धडधाकट होती तेव्हा त्या अवतारात ती दूधवाल्यासमोरसुद्धा आली नसती. आधी केसांवरून कंगवा फिरवला असता, मग कडी काढली असती. तिला तू तीन मजली करून रस्त्यावर टांगणार. खालून बस जाणार, बसमधली माणसं दात कोरत वर बघणार.

आणि त्याखालची ती ओळ. 'आई. गुरुवार, दुपार. बहीण औषध आणायला गेली होती.' बहीण कुठे गेली होती हे जगाला सांगितल्यावाचून तुझं काय अडलं होतं? मी औषध आणायलाच गेले होते, नाही म्हणत नाही. पण फोटोचं नाव 'हाक' आणि खाली बहीण बाहेर. वाचणारा काय समजेल? की म्हातारी हाका मारतेय आणि लेकीचा पत्ता नाही. फोटो तू काढलास, नाव तू कमावलंस, आणि बोट माझ्याकडे.

पट्टी बिस्किटांच्या जुन्या डब्यात आहे, डबा कपाटात आहे, आणि किल्ली माझ्याकडे. चष्मेवाले ढापणे, सेक्रेटरी, वकील, ज्याला पाठवायचं त्याला पाठव. तू स्वतः येऊ नकोस.

ताई


सोमवार, १० मार्च

बारक्या,

पाठवलीसच का ढापणी! मी आपलं रागाच्या भरात लिहिलं होतं, आणि दारात खरोखर बशीएवढ्या काचांचा चष्मा घातलेली मुलगी उभी. प्रदर्शनाची मांडणी तीच करते म्हणे. पोरगी वाईट नाही. आल्या आल्या निगेटिव्ह मागितली नाही. बाबांचा लाकडी ट्रायपॉड बघितला, गिऱ्हाइकाचं गोल स्टूल बघितलं, डार्करूमच्या दारावरचा काळा पडदा बाजूला करून आत डोकावली आणि म्हणाली, "मावशी, अजून हायपोचा वास येतो." मी म्हटलं, "मेल्यावर माझ्याही अंगाला येईल." ती हसली. मी हसले नाही.

जाताना तिनं तुझ्या पुस्तकाची कच्ची प्रत ठेवली. तीनशे पानं, मध्ये तुझी मुलाखत. चहा निवला पण मी ती वाचत बसले, कारण बारक्या, इतका निर्लज्जपणा मी छापील कधी वाचला नव्हता. तू म्हणतोस, 'माणूस तीनला तयार होतो, चेहरा चढवतो. मी त्याला दोनला पकडतो. ही पद्धत मला एका उद्ध्वस्त गावात, तंबूबाहेर बसलेल्या माणसांचे फोटो काढताना सुचली.'

सुचली? तुला? तंबूबाहेर? आयत्या बिळावरचा नागोबा तरी बरा, तो बीळ मी खणलं असं सांगत सुटत नाही.

तू विसरला असशील तर मी सांगते कुठे सुचली ते. गिऱ्हाईक स्टुलावर बसायचं. बाबा कॅमेऱ्याच्या मागे. आई बाजूला उभी. कॉलर नीट करायची, हनुवटी बोटानं वर करायची, आणि मोजायची. एक. दोन. दोनाला बाबांचं बटण दाबून झालेलं असायचं. गिऱ्हाईक तीनची वाट बघत ताठ बसलेलं, आणि फोटो कधीच निघालेला. तो फॉर्मचा फोटो, अर्जावर चिकटवायचा. मग डार्करूमच्या पडद्यामागून मी ओरडायची, "तीन!" भोंगा वाजावा तशी. गिऱ्हाईक दचकायचं, पडद्याकडे बघून खुदकन हसायचं, आणि बाबा दुसरा काढायचे. तो घरचा. फॉर्मचा आणि घरचा, दोन्ही घेऊन जायची माणसं. लोक आपल्याकडे यायचे ते त्या घरच्यासाठी. शाळेत होते तेव्हापासून मी ते 'तीन' म्हणतेय. तू तेव्हा स्टुलावर गरगर फिरायचास आणि मार खायचास.

आणि दोन्या? तीनशे पानांत दोन्या हा शब्द शोधला. नाही. अरे, आपल्या घराबाहेर हा शब्द कुणाला माहीत आहे? तू नाही सांगायचं तर कोण सांगणार? काही गिऱ्हाइकं आईबरोबर मोजायची. मनातल्या मनात, पण ओठ हलायचे. एकला तोंड आडवं, दोनला गोल. नेमका दोनाला फोटो, म्हणजे फॉर्मवर तोंडाचा चंबू. बाबा आतूनच ओरडायचे, "ताई, दोन्या आला गं!" आणि मी कपाळाला हात लावायची. कारण तो चंबू बुजवायचं काम माझं. निगेटिव्ह दुधी काचेवर ठेवायची, खाली दिवा, भिंग डोळ्याला, आणि सुईसारख्या पेन्सिलीनं ओठांच्या फटीत टिपके देत बसायचं. प्रिंटवर तोंड मिटलेलं येईपर्यंत. चाळीस वर्षांत किती दोन्यांची तोंडं मी बंद केली, गणती नाही. एकट्या तुझं तेवढं राहिलं.

मुलाखतीत आईबद्दल काय, तर 'माझी आई साधी गृहिणी होती.' गृहिणी! तिच्या मोजण्यावर अख्खा स्टुडिओ चालायचा. तिचा स्वतःचा एक फोटो नाही घरात, आठवतंय ना? रीळ संपायला दोन फोटो उरले की बाबा म्हणायचे, "बस गं आता तू स्टुलावर." आणि ती म्हणायची, "मी चित्रात गेले तर मोजणार कोण?" दर वेळी हेच. शेवटी बाबांनी म्हणायचं सोडून दिलं. जी बाई जन्मभर कॅमेऱ्यापुढून अंग चोरून राहिली, तिला तू उठून जाता येत नव्हतं तेव्हा गाठलंस.

निघताना ढापणीनं विचारलं, "ती निगेटिव्ह तुम्ही बघितलीय का हो नीट?" मी म्हटलं, "बाई, माझा जन्म गेला निगेटिव्ह बघण्यात." ती म्हणाली, "नाही, ती. ती पट्टी." मी म्हटलं, बघितलीय. आणि तिला बस चुकेल म्हणून घालवून दिली.

ताई


शनिवार, १५ मार्च

बारक्या,

काल फोन केलास. आवाज जाड झालाय तुझा. "ताई" म्हणालास आणि मी फोन ठेवला. परत केलास, परत ठेवला. मग सेक्रेटरीकडून चिठ्ठी: 'सरांचा निरोप आहे की फोटो प्रदर्शनातून काढला जाणार नाही. आई त्यांचीही होती.'

त्यांचीही होती. वा! आई आजारी पडली तेव्हा 'त्यांची' किती होती ते मी सांगू का सरांच्या सेक्रेटरीला? चौदा महिने ती या स्टुडिओतल्या खाटेवर होती. घरात अंधार म्हणून खाट मीच खिडकीपाशी आणली होती, जिथे स्टूल असायचं तिथे. तिला कूस बदलून देणं, पुसणं, दुधात पाव कुस्करून चमच्यानं भरवणं, अर्धा पाव तिच्या तोंडातून माझ्या हातावर. चौदा महिन्यांत तू तीनदा आलास. तिसऱ्यांदा आलास तो गळ्यात कॅमेरा घेऊन. मी बाहेर गेले, तू फोटो काढलास, संध्याकाळी माझ्याच डार्करूममध्ये धुतलास, प्रिंट काढलास, आणि सकाळच्या गाडीनं गेलास. ओली पट्टी तारेवर चिमट्याला तशीच. नंतर तीन आठवड्यांनी आई गेली. तेव्हा तू पोचलास तो सगळं आटोपल्यावर. वरातीमागून घोडं.

फोटो मी पहिल्यांदा कुठे बघितला, माहीत आहे? आपल्या शेजारच्या औषधवाल्याकडे. त्यानं मासिक उघडून काउंटरवर ठेवलं. "ताई, या तुमच्या आईच ना? इथं लिहिलंय, तुम्ही औषध आणायला आला होतात." आणि माझ्याकडे बघत राहिला. का बघत राहिला ते जाऊ दे. मी औषध न घेता परत आले. तेव्हापासून मी औषधं घ्यायला दोन चौक लांब जाते, आजतागायत.

मग काय, तुला बक्षीस. परदेशात सत्कार. मग तुझा धंदाच झाला. कुठे इमारत कोसळली, हा हजर. कुठे कारखान्याला कुलूप लागलं, फाटकाबाहेर बसलेल्या बायकांसमोर हा हजर. इस्पितळाच्या व्हरांड्यात, बोट बुडाली त्या काठावर, जिथे कुणाचं तरी तोंड उघडं पडलंय तिथे. सगळी ती एकाच आईची चित्रं, दुसऱ्यांच्या घरात जाऊन काढलेली. आणि स्वतःच्या मुलीचे फोटो? ढापणी सांगत होती, सरांच्या घरी मुलीचे फार गोड फोटो आहेत, सगळ्यांत हसतेय. असणारच. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

हे सगळं मला कसं माहीत, असं तुला वाटेल. कात्रणं ठेवते असं समजू नकोस. रद्दी बांधताना हाताला लागतात, एवढंच.

आता शेवटचं. पुढच्या शनिवारपर्यंत, म्हणजे बावीस तारखेपर्यंत, मला तुझ्या हातचं लिहून पाहिजे की तो फोटो भिंतीवरून, पुस्तकातून, सगळीकडून उतरला. सेक्रेटरीच्या हातचं नाही. नाही आलं तर रिटचिंगचं पातं माझ्याकडे आहे आणि हात अजून कापत नाही. मूळ पट्टीवरचा आईचा चेहरा खरवडून काढीन. मग तू तुझी ती फुटकी कॉपी घेऊन बस. माझ्या आईनं मारलेली हाक मी रस्त्यावर लावू देणार नाही.

ताई


रविवार, २३ मार्च

बारक्या,

काल पोस्ट आलं. विजेचं बिल आलं, तुझं काही आलं नाही.

म्हणून आज सकाळी डबा उघडला. दुधी काचेखालचा दिवा लावला, पातं धार लावून ठेवलं, पट्टीवरचा बटरपेपर सोडला. ढापणीला मी खोटं सांगितलं होतं. ही पट्टी मी कधीच बघितली नव्हती. तारेवरून काढली ती मान वळवूनच, गुंडाळली, डब्यात टाकली. मासिकातला फोटोसुद्धा मी एकदाच बघितलाय, काउंटरवर, तो औषधवाला समोर असताना.

फक्त चेहरा खरवडायचा होता. तोंड उघडं आहे ती, तेरावी फ्रेम. पातं घसरून भलतीकडे जाऊ नये म्हणून आधी भिंग लावलं. आणि बघते तर फ्रेम मोठी आहे. तू छापलास तो नुसता चेहरा आणि खांदा. खालचा भाग तू कापलास. खाली तिचा डावा हात आहे, मांडीवर, पांघरुणावर. त्या हाताची दोन बोटं वर आहेत.

मी म्हटलं, आखडली असतील. डॉक्टर म्हणायचेच की हात आखडेल. मग उगीच बाराव्या फ्रेमवर गेले. तिथे एक बोट वर आहे. आणि तोंड आडवं, डाव्या बाजूचे दात दिसतायत.

परत तेरा. तोंड गोल.

अरे बारक्या, दोन्या आहे रे तो. आईच दोन्या आहे. हजारो दोन्यांची तोंडं मी भिंगाखाली बघितलीत, ओठ कुठे मुडपतात, खालचा ओठ किती पुढे येतो, मला झोपेतून उठवून विचार. अर्धं तोंड लुळं होतं म्हणून गोल वेडावाकडा आला, एवढाच फरक. ती किंचाळत नव्हती. ती कुणाला हाक मारत नव्हती. तू कॅमेरा डोळ्याला लावलास आणि ती मोजायला लागली. आवाज नव्हता तिच्याकडे, म्हणून ओठांनी मोजलं, ओठ नीट हलेनात म्हणून बोटांनी. 'मी चित्रात गेले तर मोजणार कोण?' तर ही अशी, स्वतः चित्रात बसून स्वतःच मोजलं तिनं.

आणि तू दोनाला बटण दाबलंस. बरोब्बर दोनाला. तुझ्या बोटाला कळलं, तुला मेल्या कळलं नाही. सगळं जग त्या तोंडाकडे बघून रडलं, पुस्तकं लिहिली, 'वेदनेचा आदिम स्वर' असं कुणीतरी लिहिलंय तुझ्या त्या पुस्तकात, पान चाळीस. आदिम स्वर! दोन म्हणत होती ती! मी हसले, बारक्या. एकटी स्टुडिओत बसून मोठमोठ्यानं हसले आणि मग हसता हसता काय झालं ते तुला सांगायची गरज नाही.

पण अजून चौदावी फ्रेम आहे. ती तू कुणालाच दाखवली नाहीस, वाया गेलेली म्हणून सोडली असशील, कारण तिच्यात ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. तोंड मिटलंय. बोटं तशीच वर, तिसरं अर्धवट उचललेलं. आणि डोळे डावीकडे वळलेत. खाटेवरून डावीकडे काय आहे ते तुला ठाऊक आहे. डार्करूमचा पडदा. तोंडाचा चालता कोपरा जरा वर गेलाय, गिऱ्हाईक हसायच्या तयारीत असतं तसा. फॉर्मचा झाला होता. ती घरच्या फोटोची वाट बघत होती. माझ्या 'तीन'ची.

आणि मी पडद्यामागे नव्हते.

कुठे होते ते आता लिहितेच. गुरुवारी औषधवाला बंद असतो. तेव्हाही असायचा. त्या सकाळी तिनं चमचा हातानं उडवला, दूध सगळं पांघरुणावर, दिवसातलं तिसरं पांघरूण, आणि मी तिला म्हणाले, "सुट एकदाची, आणि मलाही सोड." असंच म्हणाले. तिला बोलता येत नव्हतं, ऐकू तर येत होतं. तू आलास, आणि मी औषधाचं निमित्त करून बाहेर पडले. बस थांब्याच्या बाकावर जाऊन बसले. दोन कप आईस्क्रीम खाल्लं, एकामागून एक. बस मोजत बसले. अडीच तास. परत यावंसं वाटत नव्हतं. हातात औषध नसताना परत आले, तू बघितलंस आणि काही बोलला नाहीस. मला वाटलं, याला कशाचंच काही नाही.

म्हणून तो फोटो मला बघवत नव्हता. मासिकात नाव वाचलं, 'हाक', आणि मला वाटलं, ही मलाच मारलेली हाक. सकाळी तसं बोलून गेले, दुपारी ती मला हाक मारत होती आणि मी आईस्क्रीम खात होते. एकोणीस वर्षं हेच डोक्यात. तू मात्र मजेत त्या हाकेवर हार घालून घेत होतास, म्हणून तुझा जीव घ्यावासा वाटायचा.

पातं परत डबीत ठेवलंय. त्याचा अर्थ तुझं बरोबर होतं असा घेऊ नकोस. फोटोग्राफरची दोन पोरं आपण, आणि दोघांना मिळून घरचा दोन्या ओळखता आला नाही. तू उजेडाच्या नादात तिचा हात कापून टाकलास. मी घाबरून बघितलंच नाही. माझं पाप माझ्यापाशी, पण तुझं लहान होत नाही.

ताई


गुरुवार, २७ मार्च

बारक्या,

कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय. चार ओळी लिहायला एवढा मोठा फोटोग्राफर चार ठिकाणी खोडतो.

'ताई, मला दिसलं नाही. मी खिडकीचा उजेड बघत होतो. मलाही वाटलं ती तुलाच हाक मारतेय, म्हणून तेच नाव दिलं. औषधाचं मात्र मुद्दाम लिहिलं, नाहीतर लोकांनी विचारलं असतं, बहीण कुठे होती.'

हे मी सकाळपासून बऱ्याच वेळा वाचलं. म्हणजे ती ओळ तू माझ्यावर बोट दाखवायला घातली नव्हतीस, मला झाकायला घातली होतीस. गुरुवारी दुकान बंद असतं हे तुला माहीत होतं, आणि तरी तू सगळ्या मुलाखतींत, सगळ्या देशांत, तेच सांगत राहिलास. बहीण औषध आणायला गेली होती. हे वाचून मी विरघळीन असं वाटलं असेल तर चूक. मला राग आला. अरे, एकदा येऊन तोंडावर विचारायचं होतंस की, कुठे उलथली होतीस? भांडण झालं असतं, मी रडले असते, तू रडला असतास, संध्याकाळी दोघांनी मिळून पट्टी बघितली असती. तिला आणखी तीन आठवडे होते. तेवढ्यात एक घरचा फोटो नक्की निघाला असता.

हे मी तुला कधी माफ करणार नाही, आणि मला तर नाहीच नाही. आता कामाचं ऐक.

पट्टी ढापणीच्या हातात देतेय. ती उद्या येते. तुझ्या सेक्रेटरीच्या हातात देणार नाही. बाहेरच्या भिंतीवर काही लावायचं नाही. आत, एका भिंतीवर, तिन्ही फ्रेम एका मापाच्या, शेजारी शेजारी. बारा, तेरा, चौदा. एक इंचही कापायचा नाही, हात दिसलाच पाहिजे. चेहऱ्यावर काही रिटचिंग नको. जन्मभर मी दोन्यांची तोंडं मिटवली, हे उघडं राहू दे.

'हाक' हे नाव पुसायचं. नवीन नाव देऊ नकोस, तुला नावं देता येत नाहीत. आणि खालच्या ओळीतून औषध काढ. 'बहीण बाहेर गेली होती' एवढंच लिही. खरं आहे तेवढंच. आईस्क्रीमचं लिहायची गरज नाही, ते तुझ्यामाझ्यात. मुलाखतीतला तो तंबूसुद्धा काढ. मोजायचं कुणी शिकवलं ते नावानिशी लिही, म्हणजे 'आईनं' असं लिही. गृहिणी नाही.

आणि भिंतीच्या कडेला, चौदाव्या फ्रेममध्ये ती जिकडे बघतेय तिकडे, एक काळा पडदा लावून ठेव. आपल्या डार्करूमचाच देतेय ढापणीबरोबर, जपून ने, कड उसवलीय. ढापणीला त्याचं कारण सांगत बसू नकोस.

पाच तारखेला मी येणार आहे. सत्काराला नाही, पाहुण्यांत बसायला नाही, तुझ्याशी बोलायला तर मुळीच नाही. मागच्या दारानं येईन आणि पडद्यामागे उभी राहीन. लोक जमले, ती भाषणं संपली, की तू त्या तीन फोटोंसमोर जायचंस आणि मोजायचंस. मोठ्यानं, आई मोजायची तसं, घाई न करता. लोक हसले तर हसू देत.

दोनपर्यंतच मोज. पुढचं माझं आहे.

ताई